रविवारचं एकच कॉमिक

मेट्रो यमुना बँक स्टेशन सोडून निघाली की आमच्याकडे अर्थसंकल्प मांडला जातो. माझा नऊ वर्षांचा मुलगा खिशातल्या शंभराच्या तीन नोटा बाहेर काढून पुन्हा एकदा मोजतो.

"आई, आज तीनशेच?"

"तीनशेच. मागच्या रविवारी किती होते?"

"तीनशे," तो हिरमुसून म्हणतो आणि नोटा पुन्हा आत ठेवतो.

वैशालीहून मंडी हाउस, तिथं गाडी बदलून दिल्ली गेट आणि पुढे चालत आसफ अली रोडवरचं महिला हाट. दरियागंजच्या फुटपाथवर दर रविवारी भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९ साली न्यायालयाच्या आदेशानंतर तिथून उठला आणि इथं आला. फुटपाथची मजा गेली, असं जुने ग्राहक म्हणतात. म्हणोत बापडे! मला इथं निर्धास्तपणे मुलाचा हात सोडता येतो.

त्यात काय एवढं निवडायचं, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या घरात आठवड्याला एकच कॉमिक घेण्याची परवानगी होती, त्या घरातल्या मुलांना विचारून बघा.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आमचं सगळं बालपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. १९९८ साली मी दहा वर्षांची होते आणि दादा तेरा. बाबू मार्केटच्या कडेला एक छोटं दुकान होतं. दारावर आडवी दोरी आणि तिला चिमटे लावून टांगलेली कॉमिक्स. एक रुपया दिला की एक कॉमिक एका दिवसासाठी भाड्यानं मिळे. विकत घ्यायचं तर साधा अंक दहाच्या आतबाहेर आणि जाड विशेषांक त्याच्या दुप्पट. बाबांचा नियम सरळ होता. आठवड्याला एक कॉमिक. एका रविवारी निवड दादाची, पुढच्या रविवारी माझी. विशेषांक हवा असेल तर एक रविवार कोरडा काढायचा.

दोरीवर तर जत्राच असायची. दिल्लीतच छापली जाणारी राज कॉमिक्स तेव्हा आमच्या वयाच्या मुलांवर राज्य करत होती. १९८६ साली आलेला नागराज, मनगटातून साप सोडणारा. १९८७ साली अनुपम सिन्हांनी उभा केलेला सुपर कमांडो ध्रुव, ज्याच्याकडे कसलीही दैवी शक्ती नाही, फक्त डोकं, मोटारसायकल आणि सर्कशीत शिकलेल्या कसरती. मी ध्रुवची. दादा डोगाचा. कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईच्या गुंडांवर बंदूक चालवणारा डोगा. "आपल्या महाराष्ट्रातला हा एकच आहे," असं दादा मोठ्या अभिमानानं सांगायचा. माझं उत्तर ठरलेलं, "आपण राहतो दिल्लीत." दिल्लीचा रखवालदार होता परमाणू, म्हणजे दिल्ली पोलिसांतला इन्स्पेक्टर विनय. गच्चीवर वाळवण राखायला बसले की तो आमच्या पाण्याच्या टाकीवरून उडत जाईल, असं मला खरंच वाटे.

निवडीचे आमचे कायदे पक्के होते. भाड्यानं मिळतंय ते विकत घ्यायचं नाही. मुखपृष्ठावर भाळायचं नाही, कारण वर दिसणारा राक्षस आत दोनच पानं असतो. चित्रकाराचं नाव आधी बघायचं. सोबत स्टिकर असेल तर तो दुकानदारानं काढून तर घेतला नाही ना, हे तपासायचं. चाचा चौधरी शेजारच्या घरात येत असे, तेव्हा त्यावर पैसे घालवायचे नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेवटचं पान उघडून बघायचं. गोष्ट तिथं संपते आहे की पुढच्या अंकाचं नाव छापलं आहे? कारण पहिला भाग माझ्या रविवारी आला, तर दुसरा दादाच्या रविवारी येणार, आणि माझ्या ध्रुवला संकटातून सोडवण्यासाठी दादा आपली पाळी का घालवील?

एकदा नेमकं तेच झालं. ध्रुवला मरणाच्या दारात टांगून पहिला भाग संपला होता. दुसरा भाग दोरीवर आला तेव्हा पाळी दादाची होती. त्यानं आधीचा रविवार कोरडा काढून डोगाच्या एका विशेषांकासाठी पैसे राखले होते. मी विनवण्या केल्या, त्याची इस्त्री करून देईन म्हटलं. तो ऐकेना. सोमवारी शाळेतून येताना मी आईच्या डाळीच्या डब्यात दुधासाठी ठेवलेल्या पैशांतले वीस रुपये उचलले.

दोन दिवसांत उघडकीला आलं. बाबा ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "आजपासून कॉमिक्स बंद. दोघांचीही," एवढंच म्हणाले. दादानं काहीच केलं नव्हतं. त्याचा विशेषांक अजून दोरीवरच लटकत होता, तो रविवारी घेणार होता. दादा माझ्याशी किती दिवस बोलला नाही ते मी मोजलं नाही, पण शाळेत जाताना तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायचा हे अजून डोळ्यांसमोर आहे.

ही बंदी दिवाळीत सुटली. सांगलीहून काका आले होते. जेवताना विषय निघाला आणि काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे, हा काय सांगतोय तुम्हाला! दळणाचे पैसे घेऊन जायचा आणि गिरणीत न जाता वेताळ घेऊन यायचा. आई जात्यावर दळत बसायची!" वेताळ म्हणजे टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम. १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेली ती कॉमिक्स मराठीतही येत, आणि बाबांच्या पिढीनं ती पाठ केली होती. बाबा मान खाली घालून वरणभात कालवत राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी न बोलता टेबलावर पैसे ठेवले.

आम्ही धावत गेलो तेव्हा दादाचा विशेषांक विकला गेला होता. नंतरही तो कुठं मिळाला नाही.

आता माझ्या मुलाचं. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या या पोराला मराठी बोलता येतं, पण देवनागरी वाचायची म्हटली की अंगावर काटा येतो. मला युक्ती सुचली. मी बाजारातून निवडून निवडून ध्रुव आणला. दोन महिने आणला. पोरानं एकही पान उलटलं नाही. "आई, हे तू तुझ्यासाठी आणतेस ना?" त्यानं शांतपणे विचारलं. नवऱ्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण ते हलत होतं.

मग मी तीनशे रुपये त्याच्याच हातात दिले. गुप्ता बंधू आता वेगवेगळे होऊन राज कॉमिक्सचे जुने-नवे अंक काढत आहेत, पण नव्या छपाईच्या किमती बघून हात मागे येतो. जुन्या ढिगात मात्र तीनशेत काही ना काही मिळतं. पहिल्या रविवारी त्यानं एकच फाटका इंग्रजी स्पायडरमॅन घेतला. मी जीभ चावून गप्प राहिले. तिसऱ्या रविवारी त्यानं हिशेब केला की एका इंग्रजी अंकाच्या पैशांत हिंदीचे तीन येतात. तेव्हापासून तो जोडाक्षरांवर अडखळत का होईना, वाचतो आहे.

नकाराधिकार माझ्याकडे ठेवला आहे आणि तो मी एकदाच वापरला. त्यानं डोगा उचलला होता. मी पानं चाळली. डोगा गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करत नाही, उडवतो. "हा नको, मोठा झालास की घे," मी म्हटलं, आणि तोंडातून निघालेला आवाज बाबांचा होता. त्या रात्री पुण्याला दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तेराव्या वर्षी दे. मला काय झालं?" त्या हुकलेल्या विशेषांकाचं नाव मी त्याला अनेकदा विचारलं आहे. आठवत नाही म्हणतो. माझा विश्वास नाही. तरी दर रविवारी डोगाचा ढीग मी एकदा खालपर्यंत बघतेच.

गेल्या रविवारी पोराच्या हाती परमाणू लागला. "हा आपल्या दिल्लीचा," मी उत्साहानं सांगितलं. पोरानं विचार केला. "पण तो दिल्ली पोलिसांत आहे ना? मग आपल्या गाझियाबादला कसा येईल? ते तर यूपी."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यानं शेवटचं पान उघडलं आणि तिथून सरळ पहिल्यावर आला. अंक दुसरा भाग होता. मी म्हटलं, "पहिला नसेल तर ठेव." त्यानं ठेवला नाही. ऐंशी सांगितलेले साठला आणले, उरलेले पैसे खिशात घातले आणि विक्रेत्याला बजावलं, "अंकल, अगले संडे पहला वाला ढूंढ के रखना."

मंडी हाउसला गाडी बदलेपर्यंत तो वाचतच होता.