फुकटचा नंबर वेशीपर्यंतच

1800 ने सुरू होणाऱ्या नंबरला पैसे पडत नाहीत, हे आता वस्तीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण तो नंबर देशाबाहेरून बहुधा लागतच नाही, हे परदेशी कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. एजंट तर नाहीच नाही.

आमचा एक पुतण्या वायरमनच्या कामावर दुबईला आहे. तिथे त्याचे पाकीट चोरीला गेले, त्यात इथल्या बँकेचे कार्ड. खात्यावर लातूरला नर्सिंग शिकणाऱ्या बहिणीची फी साठवलेली. रात्री त्याचा फोन आला, "काका, जयभीम. बँकेचा नंबर लागतच नाही हो!" आम्ही नांदेडहून तोच नंबर फिरवला, पहिल्या झटक्यात लागला. पण पलीकडची बाई म्हणाली, खातेदारानेच बोलले पाहिजे. नियम बरोबरच आहे, पण त्या वेळी आमचा जीव टांगणीला! शेवटी पासबुकाच्या मागच्या पानावर शहराच्या कोडचा साधा नंबर सापडला. तो त्याने लावला आणि कार्ड बंद झाले. शिल्लक शाबूत होती.

असे का होते? 1800 चा नंबर ही खरी लाईन नसते. एक्स्चेंज त्यामागचा खरा नंबर शोधून फोन तिकडे वळवते आणि बिल घेणाऱ्याच्या नावे टाकते. अमेरिकेत 1967 साली निघालेली ही सोय. हा हिशेब देशातल्या देशात चालतो. दुबईच्या कॉलचे पैसे इथल्या बँकेकडून कसे वसूल करायचे, याचा करार नसेल तर तिथली कंपनी फोन पुढे धाडतच नाही. +800 ने सुरू होणारे आंतरराष्ट्रीय फुकट नंबर निघाले आहेत, पण ज्या देशापुरती सोय घेतली तिथूनच ते लागतात.

म्हणून साधा नंबर हवा. पुढचे शून्य काढून +91 लावायचे. नांदेडचा कोड 02462, तर बाहेरून +91 2462. लातूरचा 02382, तर +91 2382. पैसे पडतील, पडू द्या.

तिकडचे फुकट नंबरही तिकडेच चालतात. अमिरातीत भारतीय कामगारांच्या मदत केंद्राचा 800 46342 आहे. मालकाने पगार अडवला, पासपोर्ट दाबून ठेवला, तर तिथूनच तो लावावा. इथून आईबापांनी लावून उपयोग नाही. त्यांच्यासाठी दिल्लीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800 11 3090 आहे.

नंबर लागला नाही म्हणून पोरं इंटरनेटवर "कस्टमर केअर" शोधतात, तिथे भामटे टपलेलेच असतात. ओटीपी विचारला की फोन ठेवावा. नंबर पासबुकावरून किंवा शाखेतून घ्यावा, जाण्यापूर्वीच. लातूरच्या एका भगिनीने मुलाच्या बॅगेच्या झाकणाला आतून असा कागदच शिवून दिला आहे. शाई पुसू नये म्हणून वर प्लास्टिक.