मठ्ठा, टंकी आणि काळी बाटली

गेल्या वर्षी गणेशोत्सवात शाळेच्या अंगणात महाप्रसाद झाला, तो आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. त्यानंतर दोन-तीन दिवसांत बरीच मुले जुलाब-उलट्यांनी आजारी पडली, हेही आठवत असेल. देवाच्या कृपेने सगळी बरी झाली. पण त्या आठवड्यात जे बोलले गेले, ते आठवणे आपल्याला जरा अवघड जाते. वरण-भात, भाजी, पुरी सगळे गरमागरम वाढले होते. बोट गेले ते मठ्ठ्यावर. दही शिळे असेल, असे कोणी म्हणाले. पातेली नीट घासली नसतील, असे कोणी म्हणाले. वर्षानुवर्षे हा मठ्ठा करणाऱ्या काकूंनी कोणालाच उत्तर दिले नाही. मात्र नवरात्रात भोंडल्याला त्या आल्या नाहीत, कोजागिरीलाही आल्या नाहीत.

आम्ही विज्ञान मंडळातले, म्हणजे अकरावीचे नऊ विद्यार्थी, सर आणि बाई. आम्ही यापासून अलिप्त होतो असे म्हणणे खोटे ठरेल. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

मठ्ठ्यात दह्यापेक्षा पाणी जास्त असते, ही साधी गोष्ट आम्हाला दिवाळीच्या सुटीनंतर सुचली. ते पाणी शाळेच्याच टंकीतले होते. आपल्याकडे पाणी ठराविक वेळीच येते आणि उन्हाळ्यात कधी एक दिवसाआड. त्यामुळे लष्करातल्या प्रत्येक घरासारखीच शाळेतही जमिनीखाली एक टंकी आहे. तिच्यातून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून वॉटर कूलरमध्ये उतरते. आम्ही ठरवले की बोलण्यापेक्षा तपासून पाहू.

पाणी तपासायचे म्हणजे मोठी प्रयोगशाळा लागते, असा आमचा समज होता. सरांनी सांगितले की त्याची एक सोपी रीत आपल्याच ग्वाल्हेरमध्ये जन्मली आहे. इथल्या संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेतील के. एस. मांजा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. छोट्या निर्जंतुक बाटलीत कागदाची एक पट्टी असते. पेप्टोन, लोहाचा एक क्षार, सोडियम थायोसल्फेट अशी द्रव्ये तिच्यात शोषून वाळवलेली असतात. त्यात २० मिलिलिटर पाणी घालायचे आणि बाटली ३० ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात रात्रभर ठेवायची. विष्ठेबरोबर पाण्यात येणाऱ्या जिवाणूंपैकी बरेचसे हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. लोहाशी त्याचा संयोग झाला की बाटली काळी होते. क्षार-परीक्षणाच्या तासाला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि काळी पडणारी लेड ॲसिटेटची पट्टी आपण पाहतोच. वायू तोच, इथे शिशाऐवजी लोह असते, इतकेच.

पहिल्या खेपेला आम्ही पाच बाटल्या लावल्या. सकाळी सहा वाजता येणारे नळाचे पाणी, टंकीचे, गच्चीवरचे, कूलरचे, आणि पाचवे उकळून गार केलेले पाणी. हे पाचवे तुलनेसाठी. शास्त्राच्या भाषेत त्याला कंट्रोल म्हणतात. नोव्हेंबर असल्याने थर्मोकोलच्या पेटीत बल्ब लावून ऊब दिली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पाचही बाटल्या काळ्या!

आमच्यात जो उत्साह संचारला तो काय सांगावा! नळाचेच पाणी खराब, असा निष्कर्ष काढून आम्ही पाणी खात्याच्या नावे हिंदीत दीड पानी तक्रार लिहून काढली. सह्याही झाल्या. तेवढ्यात बाईंनी विचारले, "नळ राहू द्या. उकळलेले पाणी काळे का झाले?"

कोणाकडेच उत्तर नव्हते. मग हळूहळू सगळे उलगडले. पाचही ठिकाणचे पाणी आम्ही एकाच मोजपात्राने मोजले होते आणि सर्वांत आधी मोजले होते टंकीचे. मध्ये पात्र नुसते खळबळून घेतले होते. उकळलेले पाणी उघड्या चंचुपात्रात गार केले होते आणि त्यावर फळा पुसायचे फडके झाकले होते. घाण कुठे आहे हे शोधायला निघालेलो आम्ही स्वतःच ती पाचही बाटल्यांत वाटून आलो होतो. त्या खेपेवरून काहीच सिद्ध होत नव्हते. तक्रारीचा कागद अजून प्रयोगशाळेच्या खणात आहे. आम्ही तो मुद्दाम फाडलेला नाही.

दुसऱ्या खेपेला घाई केली नाही. बाटल्या प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केल्या. मोजपात्र नकोच, म्हणून प्रत्येक बाटलीवर २० मिलिलिटरची खूण केली. नळाचे तोंड स्पिरिटने पुसून ज्योतीवर शेकले, दोन-तीन मिनिटे पाणी सोडून दिले आणि मगच बाटली धरली. प्रत्येक ठिकाणच्या दोन बाटल्या, कंट्रोलच्याही दोन. शेजारीच क्लोरिनची तपासणी केली. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरिन असलेले पाणी पिवळे होते. हे द्रव्य अपायकारक असल्याने ते सरांनीच हाताळले.

या वेळी कंट्रोलच्या दोन्ही बाटल्या स्वच्छ राहिल्या. नळाच्याही स्वच्छ राहिल्या आणि नळाच्या पाण्यात पिवळा रंगही आला. टंकीच्या दोन्ही बाटल्या काळ्याकुट्ट झाल्या आणि क्लोरिनचा मागमूस नव्हता. गच्चीवरच्या आणि कूलरच्या बाटल्यांचीही तीच गत. याचा अर्थ असा की पाणी शाळेच्या दारापर्यंत चांगले येत होते आणि बिघडत होते ते आपल्या घरात येऊन. घाणीशी झुंजता झुंजता त्यातला क्लोरिन संपून जात होता.

मुख्याध्यापिका बाईंना हे सांगायला जाताना आमचे पाय जड झाले होते. शाळेची बदनामी होईल, स्नेहसंमेलन तोंडावर आहे, असे त्या म्हणतील अशी भीती होती. त्यांनी दोन्ही खेपांच्या नोंदी वाचल्या, कूलर तिथल्या तिथे बंद करायला लावला आणि त्याच दुपारी पालकांना पत्र गेले. मुलांनी घरून उकळलेले पाणी आणावे, कारण शाळेच्या टंकीत दोष आहे, असे त्यात सरळ लिहिले होते.

रविवारी टंकी उपसली. वरून सगळे ठीक दिसत होते. झाकण घट्ट होते, सिमेंट गुळगुळीत होते. पण स्वच्छतागृहाच्या गटाराचा चेंबर टंकीपासून जेमतेम चार हातांवर आहे. सरांनी त्या चेंबरमध्ये फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य ओतले. तीन तासांनी आम्ही टॉर्च घेऊन टंकीत डोकावलो, तर भिंतीवरून केसाएवढ्या फटीतून एक हिरवी चमकणारी रेघ खाली ओघळत होती. आम्ही बराच वेळ कोणी बोललो नाही. पावसाळ्यात चेंबर तुंबला की ही रेघ किती जाड होत असेल, हे ज्याचे त्याला कळले होते.

आपल्या गावाला तिघऱ्याची गोष्ट ठाऊक आहे. १९१६ मध्ये सांक नदीवर बांधलेले हे धरण १९१७ च्या पावसाळ्यात फुटले. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपत गेले होते. पुढे ते पुन्हा उभे राहिले आणि आज ग्वाल्हेर त्याचेच पाणी पिते. झिरपणारे पाणी दिसत नाही, हीच त्याची खरी ताकद आहे.

त्या चेंबरला प्रयोगशाळेची मोरीही जोडलेली होती. क्षार-परीक्षणानंतर शिशाचे, क्रोमियमचे उरलेले द्रव आपण आजवर याच मोरीत ओतत आलो. आमच्या बाटलीला शिसे कळत नाही, म्हणून पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. अहवाल मर्यादेच्या आत आला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. तेव्हापासून क्षार-परीक्षण थेंबाथेंबाने होते आणि विषारी उरलेले द्रव चिठ्ठी लावलेल्या काचेच्या बरणीत साठवले जाते. मोरीत जात नाही.

चेंबर दूर हलवला, टंकीला आतून नवा गिलावा केला आणि ती ब्लीचिंग पावडरने धुऊन घेतली. याच सुमारास कार्यकारिणीत एका हितचिंतकांनी मोठे आरओ यंत्र देणगी द्यायची तयारी दाखवली. त्यांच्या भावनेचा आदर राखून आम्ही दोन गोष्टी मांडल्या. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये अशा ठिकाणी त्यावर बंदी घालण्यास सांगितले होते. आपले पाणी मीटरवर त्या मर्यादेच्या आत आहे आणि आरओ बरेच पाणी वाया घालवते. दुसरे म्हणजे गळकी टंकी तशीच ठेवून पुढे यंत्र लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. त्या काकांनी हे मोठ्या मनाने ऐकले. देणगीतून गिलावा आणि नवा चेंबर झाला.

पाणी वाया जाण्यावर बोलल्यावर आम्हाला आमची मोरीही पाहावी लागली. पट्ट्या आम्हीच तयार करतो, त्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी लागते. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता सोडते. गार करणारे पाणी ३० अंशांनी तापले, तर त्याचा एक लिटर ३० किलोकॅलरीच घेऊन जातो. म्हणजे आमच्या एका लिटर शुद्ध पाण्यामागे निदान १८ लिटर नळाचे पाणी मोरीत जात होते. आता १०० लिटरचा पिंप आणि जुन्या डेझर्ट कूलरमधला पंप लावून तेच पाणी फिरवतो. दिवसाला तीन लिटरपर्यंत काम निभते आणि पिंप रात्रीत गार होतो.

तिसऱ्या खेपेला सर्व बाटल्या स्वच्छ राहिल्या. तरी हे लक्षात ठेवावे की ही परीक्षा केवळ प्राथमिक आहे. काळी बाटली म्हणजे धोक्याची सूचना. पण स्वच्छ बाटली म्हणजे विषाणू किंवा रसायने नाहीत, अशी हमी नव्हे. आणि महाप्रसादाच्या दिवशी मुले कशाने आजारी पडली, हे तीन महिन्यांनंतरची बाटली सिद्ध करू शकत नाही. एवढे मात्र खरे की काकूंचे दही कोणीच तपासले नव्हते, आणि टंकीला फट होती.

संक्रांतीला आम्ही सगळे तिळगूळ घेऊन काकूंकडे गेलो. आमच्यातल्या एकीने सगळी हकीकत सांगितली आणि आमचे चुकले, असे म्हटले. काकूंनी मध्येच विचारले, "त्या पहिल्या वेळी सगळ्याच बाटल्या काळ्या झाल्या, तेव्हा तुम्ही काय केलंत?" आम्ही म्हणालो, आधी आपलेच हात आणि भांडी तपासली. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गणपतीतही तेवढंच करायचं होतं रे बाळांनो." त्यांनी आमच्या हातावर तिळगूळ ठेवला. आम्हाला तो गिळवेना.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाटल्या लागतात आणि निकाल चांगला असो वा वाईट, सूचना फलकावर लागतो. आपल्या घरची टंकी तपासायची असेल, तर विज्ञान मंडळाकडून निर्जंतुक बाटली विनामूल्य न्यावी. वापरलेली बाटली फेकून न देता आमच्याकडे आणून द्यावी. आम्ही ती ब्लीचिंग पावडरने निर्धोक करतो. कंट्रोलची बाटली प्रत्येकाला सोबत मिळेल. ती आधी लावावी, ही नम्र विनंती.

यंदाच्या महाप्रसादाला काकू मठ्ठा करणार आहेत. पाणी आम्ही भरणार आहोत.