वहीत मागं जायचं बटण

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चित्रकलेला वेगळा मास्तर नसतो. जो गणित शिकवतो, पोषण आहाराचे तांदूळ मोजतो आणि मतदारयादी काखेत मारून दारोदार हिंडतो, तोच गृहस्थ चित्रकला शिकवतो. धामणगाव बढ्यात तो मान माझ्याकडे होता. मार्च २०२० मध्ये शाळेला कुलूप लागलं, पुढे सरकारनं 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं जाहीर केलं आणि माझी चित्रकला मोबाइलमध्ये जाऊन बसली.

निम्म्या घरांत मोबाइल एकच, तोही सकाळी बापाबरोबर वावरात जायचा. ज्यांच्या हाती राहायचा ती पोरं मात्र भलतीच तयारीची! बोटानं हत्ती काढायची, बिघडला की बटण दाबून हत्ती गायब. मी म्हटलं, आता वहीवर काढा. दुसऱ्याच दिवशी प्रश्न आला, "सर, वहीत मागं जायचं बटण कुठी हाय?" एकीनं तर बारीक पोपट मोठा करायला कागदावर दोन बोटं ठेवून ताणली. पोपट होता तेवढाच राहिला. कागद फाटला.

रंगपेटीचं काय? हाताला काम नाही तिथं रंगपेटी कोण आणणार! म्हणून अजिंठा सांगितला. लेणी आमच्यापासून फार लांब नाहीत. तिथं लाल-पिवळा रंग मातीतून काढला, पांढरा चुन्यातून, काळा काजळीतून. निळा तेवढा परदेशी दगडाचा. एवढ्यात रेंज गेली. संध्याकाळी एका आईचा फोन : "गुरुजी, भिंतीवर काढायचं तुम्हीच सांगितलं म्हणे?"

त्या वर्षी पोळा भरणार नव्हता, म्हणून मातीचे बैल करायला सांगितले. फोटो धडाधड आले. एक बैल मात्र स्वतः चालत दारात आला, म्हणजे एका पोरीच्या हातातून; तिच्या तोंडाला बापाचा रुमाल. तिच्या घरी मोबाइल नव्हता. शेजारच्या खिडकीखाली उभं राहून ती माझा तास ऐकायची.

आमची काळी माती वाळली की भेगाळते. हिच्या बैलाला एक भेग नाही.

"यात काय घातलं गं?"

"भुसा. आजी चुलीले घालते."

अजिंठ्याच्या गिलाव्यातही तूस आहे. ते सांगायच्या आतच माझी रेंज गेली होती!

"सर, माही हजेरी लागते ना?"

मोबाइलमधली हजेरी नंबरांवर होती. मी शाळेचं कुलूप काढलं, कागदी हजेरीपत्रकावरची धूळ झटकली आणि जूनपासून लावत आलो.

"बैलाचीबी लावा," ती म्हणाली.