दोन कुंभांची गोष्ट

पुरातत्त्वावरचं व्याख्यान म्हणजे नुसत्या जांभया, असं वाटतं ना? मलाही वाटायचं! पण एकदा पडद्यावर एक चित्र आलं आणि सभागृह चिडीचूप झालं. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले मातीचे दोन कुंभ. आत तान्ह्या बाळाची हाडं!

ते गाव होतं पुणे जिल्ह्यातलं इनामगाव. मग काय, गाठलं शिरूर आणि गेलो घोड नदीकाठी. पांढरीच्या मातीची टेकाडं दिसली. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे शेतकरी राहत, सातू पिकवत. मूल दगावलं, की त्याला घरातच जमिनीखाली पुरत. का बरं? लेकरू दूर जाऊ नये म्हणून? त्यांना लिहिता येत नव्हतं, सांगणार कोण?

माती सांगते! म्हणूनच शेतात रंगीत खापर दिसलं तर खिशात घालू नका. जागेवरून हललं, की त्याची गोष्ट तुटते. गुरुजींना तिथेच नेऊन दाखवा. आणि गावात असं व्याख्यान असलं, तर आईबाबांना घेऊन पहिल्या रांगेत बसा. बसाल ना?