सोबती बदलत गेले

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या वरच्या अंगास, भीमाशंकराच्या डोंगरांकडे, एका लहानशा वाडींत मीं तारुण्यांतील एक वर्ष काढिलें. एक सेवाभावी संस्था तेथें मुलांसाठीं सायंकाळचा अभ्यासवर्ग चालवीत असे. दोघांनीं एका खोलींत राहावें, व दर चार महिन्यांनीं त्यांतील एकानें बदलून जावें, असा तिचा नियम होता. मी वर्षभर तेथेंच राहिलों. सोबती मात्र बदलत गेले. ते निवडण्याची मुभा कोणासच नव्हती. विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत आपल्या शेजारीं कोणी बसावें हें गुरुजी ठरवितात तेव्हां तुम्ही कुरकुरतां. पण सायंकाळीं घंटा झाली कीं तुमची सुटका होते. आमची घंटा चार महिन्यांनीं होई.

पहिला सोबती वयानें वडील व स्वभावानें तुसडा होता. पहांटेस चारांस उठून तो भांडीं घाशी, आणि त्या आवाजानें माझी झोप मोडे. जूनचा पाऊस सुरू झाल्यावर ओल्या सरपणानें चूल कशी पेटवावी, हें मात्र त्यानेंच मला शिकविलें. तो गेला तेव्हां मला हायसें वाटलें. परंतु पुढें कित्येक दिवस चारांच्या सुमारास मला आपोआप जाग येत असे.

दुसरा माझ्याच वयाचा व मोठा बोलका. भातलावणीच्या दिवसांत मुलें वर्गास येईनाशीं झालीं, तेव्हां हा गृहस्थ डोक्यावर इरलें घेऊन खाचरांत उतरला व चिखलांत उभा राहून मोठ्यानें पाढे म्हणूं लागला. मुलेंहि हंसत हंसत त्याच्या मागून म्हणूं लागलीं. त्याच्या बदलीचें पत्र आलें त्या दिवशीं मला इतका राग आला कीं, त्याला यष्टीपर्यंत पोंचवावयास मी गेलों नाहीं. राग नियमाचा होता, भोगिला त्यानें.

तिसऱ्यानें येऊन कोपऱ्यांत वळकटी ठेविली, तेव्हां मीं त्याच्याकडे नीट पाहिलेंहि नाहीं. तो मितभाषी व माझ्याहून लहान होता. त्याचा अपराध एवढाच कीं, तो आधीचा नव्हता.

शेजारीं एक म्हातारी राहत असे. तिला आम्ही सर्व आजी म्हणत असूं. एके दिवशीं ती तांदूळ पाखडीत असतां मीं तिच्यापाशीं गाऱ्हाणें केलें कीं, "आजी, माणसाची संवय झाली कीं तें उचलून नेतात." तिचें माहेर जुन्या आंबेगांवचें. ज्या गांवाचें नांव तालुक्यास आहे, तेंच धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. तिनें सूप थांबविलें नाहीं. म्हणाली, "तुमचा एक जोडीदार जातो, अन् दुसरा येतो, बाबा. आमची समदी आळीच उठली. कुणी कुणाला पोचवायला जायाचं?" समोर पाणी तुडुंब भरलेलें होतें. मी निरुत्तर झालों.

पहिल्या सोबत्यानें मागें टाकलेलें मिशनच्या इतिहासाचें एक पुस्तक खोलींत होतें. थंडीच्या लांब रात्रीं तें चाळतां चाळतां गॉर्डन हॉल यांचा वृत्तांत माझ्या हातीं लागला. अमेरिकेहून निघून हे २८ वर्षांचे तरुण फेब्रुवारी १८१३ मध्यें सॅम्युएल नॉट यांजबरोबर मुंबईस उतरले. कंपनी सरकार त्यांस राहूं देण्यास तयार नव्हतें. पुष्कळ खटपटीनंतर परवानगी मिळाली. दोघांनीं मराठी शिकण्यास आरंभ केला. १८१४ सालीं सॅम्युएल न्यूएल येऊन मिळाले. त्यांची पत्नी हॅरिएट प्रवासांतच, मॉरिशस बेटांत, वयाच्या १९ व्या वर्षीं वारली होती. १८१५ सालीं प्रकृति बिघडल्यामुळें नॉट स्वदेशीं परतले. १८२१ सालीं न्यूएल पटकीनें गेले. मध्यंतरीं आणखी कित्येक आले. कांहीं परतले, कांहीं येथेंच मातीस मिळाले. १८२५ सालीं हॉल यांची पत्नीहि मुलांना घेऊन अमेरिकेस गेली. हॉल मात्र येथेंच राहिले.

मार्च १८२६ मध्यें ते नाशिककडे फिरतीवर असतां तिकडे पटकीची सांथ होती. जवळचें बहुतेक औषध त्यांनीं रोग्यांस देऊन टाकलें, आणि परततांना सिन्नरच्या बाजूस दोडी-दापूर येथें २० मार्च रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. वय अवघें ४१. त्या वेळीं जुन्यांपैकीं एकहि सोबती जवळ नव्हता. बरोबर दोन मुलगे होते. त्यांनींच त्यांस मूठमाती दिली. माझ्या हातांतील पुस्तकांत त्या मुलग्यांचीं नांवें नव्हतीं. हॉल यांच्या साऱ्या सोबत्यांत मला ते दोघेच अधिक आठवतात.

मीं पुस्तक मिटलें. वीज गेली होती. तिसरा सोबती कंदिलाच्या उजेडांत दुसऱ्या दिवशींच्या वर्गासाठीं पाट्या पुशीत बसला होता. त्याला येऊन महिना होत आला होता, आणि त्याचें गांव कोणतें, हें मीं अजून विचारिलें नव्हतें. मीं तें त्या रात्रीं विचारिलें. तो धुळ्याकडील निघाला. त्याची आई आजारी होती. तें तो इतके दिवस कोणापाशींच बोलला नव्हता.

पुढल्या आठवड्यांत मीं दुसऱ्या सोबत्यास पत्र लिहून क्षमा मागितली. त्याच्या उत्तरांत क्षमेचा शब्द नव्हता. मुलें कितीच्या पाढ्यापर्यंत आलीं, एवढेंच विचारिलें होतें.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिसऱ्याची वळकटी मींच खांद्यावर घेतली व आम्ही डिंभ्याच्या थांब्यापर्यंत चालत आलों. वाटेंत तो फारसा बोलला नाहीं. यष्टी दोन तास उशिरां आली, याचा त्या दिवशीं मला आनंदच झाला.