वह्या तरंगण्याआधी

वारकऱ्याची माळ घातल्यावर काय मिळतं हे सांगणारी माणसं मला भरपूर भेटली. मन शांत होतं, राग निवळतो, संसारात राहूनही हलकं वाटतं. यातलं काही खोटं नव्हतं, मलाही ते लाभलं. एकादशी धरायची, मद्य-मांस वर्ज्य, रोज हरिपाठ, वर्षातून एक तरी पंढरीची वारी, हे नियमही नीट समजावून सांगितले होते. पण नाम घेता घेता एक दिवस आत काहीच उमटेनासं होईल, तेव्हा काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. नियम मला कधी जड गेले नाहीत. ते पाळूनही रिकामं राहणं जड गेलं.

माझे यजमान गेले तेव्हापासून हे सुरू झालं. आमच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवायचे. संध्याकाळी हरिपाठाला बसले की वर्षानुवर्षांच्या सवयीने ओळी तोंडातून निघत, पण मला त्या ऐकू येत नसत. देवघरातला विठ्ठल पितळेचा दिसायचा, नुसता पितळेचा. त्यानंतरच्या आषाढी वारीत दिवे घाट चढताना दिंडी टाळांच्या ठेक्यावर नाचत होती आणि मी रस्त्याकडे बघत चालत होते. चीडसुद्धा येत नव्हती. चिडायचं तरी देव आहे असं वाटावं लागतं.

मंडळात बोलून पाहिलं. एक जण म्हणाल्या, “श्रद्धा कमी पडतेय ताई.” दुसऱ्या म्हणाल्या, “देव परीक्षा बघतोय.” दोघींच्या मनात माया होती, हे मी जाणते. पण त्यानंतर मी बोलणंच सोडलं. आधी नुसतं कोरडं वाटत होतं, आता त्याची लाजही वाटू लागली. टाळ हातात घेऊन चेहरा हसरा ठेवायचा. माझ्या शेजारी अशीच कोरडी झालेली दुसरी कुणी बसली असेल, तर तिलाही वाटणार की इथे सगळ्यांना आनंद आहे, उणं फक्त माझ्यातच आहे. आपण गप्प राहून एकमेकींना असं एकटं पाडतो.

मला त्या एकटेपणातून बाहेर काढलं आमच्या दिंडीच्या विणेकरी बाबांनी. लोणंदच्या मुक्कामात, तंबूबाहेर पाय शेकत बसले होते. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, “माऊली, तुमचं भजनात लक्ष नाही. माझंही मधे कितीतरी वर्षं असंच गेलं. पोरगा गेल्यावर.” मी विचारलं, मग वीणा कशी धरत होता? ते म्हणाले, “हातात होती म्हणून धरत होतो. अगदीच नाही झालं की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. खाली ठेवायची नाही एवढंच. आपल्याकडे तशी सोय आहे की.” सप्ताहात वीणा अखंड उभी असते आणि पहारेकरी आळीपाळीने ती गळ्यात घेतात, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. थकलेल्या माणसाची त्यात सोय केलेली आहे, हे त्या रात्री कळलं. इतक्या वर्षांत मला कुणी असं उघडपणे ‘माझंही झालं होतं’ म्हटलं नव्हतं.

घरी परतल्यावर तुकोबांची गाथा पुन्हा उघडली, ती करुणापर अभंगांपाशी. हे अभंग मी चालीवर म्हणत आले होते, आणि चाल गोड असली की शब्द निसटतात. आता सावकाश वाचले. तुकोबा देवाला उधारी चुकवणारा म्हणतात, त्याच्याशी भांडतात, तो आहे की नाही अशी शंका घेतात, स्वतःच्या मनाची घाण बाहेर काढतात. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, व्यापार बुडाला. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तेव्हा ते 13 दिवस काठावर अन्नपाण्यावाचून पडून राहिले. कीर्तनात हा प्रसंग मी अनेकदा ऐकला आहे. बुवा त्या 13 दिवसांवर दोन वाक्यं खर्च करतात, की लगेच वह्या तरंगून वर येतात आणि मंडपात पुंडलिक वरदाचा गजर होतो. मला मात्र ते 13 दिवस हवे होते. पाचव्या दिवशी, नवव्या दिवशी त्यांच्या मनात काय चाललं असेल? वह्या वर येणार आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या काठावरचं भांडण त्यांनी स्वतः अभंगांत ठेवलं, आणि पुढे देवाला वेठीस धरल्याबद्दल खंतही बोलून दाखवली. त्यांनी जे झाकलं नाही, ते आपण का उरकतो?

संत बहिणाबाईंचंही तसंच. कीर्तनाला जाते म्हणून नवऱ्याने मारलं, हे त्यांनी स्वतः सांगितलं. बाईच्या जन्माला येऊन वेदांचा अधिकार नाही, मग मला देव कसा भेटणार, ही शंकासुद्धा मांडली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे, तर भगवंत ते आधी मान्य करतात आणि मगच अभ्यास, वैराग्य सांगतात. अर्जुनाची श्रद्धा कमी पडते, असं तिथे कुणी म्हणत नाही.

एक गोष्ट मी आता आडपडदा न ठेवता सांगते. त्या काळात माझी झोप गेली होती, जेवण सुटलं होतं. भाचीने डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि फरक पडला. ‘नामासारखं औषध असताना गोळ्या कशाला’ असं मला सुनावणारे भेटले. ताप आल्यावर ते स्वतः दवाखान्यात जातात. मनाच्या दुखण्याला वेगळा न्याय लावून आपण माणसाला परमार्थाच्या नावाखाली मरणाच्या दारात लोटू शकतो, हे फार गंभीरपणे सांगते आहे.

बाकीच्या अडचणी सगळ्यांनाच माहीत असतात. तंबूतली भांडणं, दिंडीत पुढे कुणी चालायचं यावरचे रुसवे. लोक पाया पडू लागले की आत फुगणारा अभिमान मला या सगळ्यांत वाईट वाटतो, कारण तो नम्रतेच्याच जागी येऊन बसतो.

नाम परत गोड झालं का? कधी होतं, बऱ्याचदा होत नाही. हरिपाठ चुकत नाही. यजमानांच्या आठवणीने मधेच थांबले, तर शेजारची पुढचं चरण उचलते.

आता गावच्या सप्ताहात काल्याच्या आदल्या दिवशी महिला मंडळाला बोलायला वेळ मिळतो, तेव्हा मी हेच बोलते. यंदा एक मुलगी नंतर भेटली. बँकेत नोकरी करते, लहान बाळ आहे, माळ घालायची होती. म्हणाली, “काकी, तुम्ही सांगितलंत ते ऐकून भीती वाटली.” मी म्हटलं, वाटू दे, आणि घाई करू नकोस. कार्तिकीला आमच्याबरोबर नुसती चालून बघ, कंटाळा येईल तेव्हा कंटाळा आला म्हणून सांग. तिने अजून माळ घातलेली नाही. रजेचा अर्ज मात्र टाकलाय.