दोन तारा

उमरग्यात रात्री अकरानंतर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज तेवढा उरतो. तेव्हा मी ड्रम मशीन आणि सिक्वेन्सर जोडायला बसतो. सिक्वेन्सरच्या सोळा घरांत मी सूर मांडून ठेवतो. मशीनकडून केबलमधून विजेचा ठोका आला की सिक्वेन्सर एक घर पुढे सरकतो आणि बेसचा पुढचा सूर वाजतो.

पहिल्या दिवशी बेस अर्ध्याच लयीत चालला. माझं मशीन एका बीटला दोनच ठोके देत होतं आणि सिक्वेन्सरला चार हवे होते. रोलँड कंपनीच्या जुन्या मशीनांनी बीटला 24 ठोके धरले, तो आकडा मला फार आवडतो. चौपटीला सहा-सहा पडतात, तिपटीला आठ-आठ. केरवा आणि दादरा दोन्ही त्यात बसतात, अपूर्णांक उरत नाही.

ठोके जुळले, तरी गाणं लंगडंच. मी मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं, की ड्रम पहिल्या घरापासून निघायचा आणि सिक्वेन्सर थांबला होता तिथूनच, अकराव्या-बाराव्या घरातून. काका खाटेवर बसून ऐकत होते. त्यांची उभी हयात भजनात टाळ वाजवण्यात गेली. म्हणाले, "लय एकच हाय की रे, पण समंवर कुणीच येईना."

नेमकं तेच होतं. हे ठोके म्हणजे क्लॉक, आणि क्लॉक फक्त पाऊल कधी टाकायचं ते सांगतो, पहिलं पाऊल कुठलं ते सांगत नाही. त्यासाठी वेगळी तार लागते. रोलँडच्या पाच पिनांच्या जोडणीत म्हणूनच ठोक्यांची एक तार आणि 'सुरू-बंद'ची दुसरी. माझ्याकडे त्या जागी पहिल्या घरावर आणणारी रिसेटची केबल आहे. ती लावली आणि दोघं एकदम समेवर उतरले.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडचीच टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 घेऊन एका तबकडीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा यंत्रं एकमेकांना जोडणारं मिडी यायचं होतं. 808 आणि 303 या दोन्हींवर तीच पाच पिनांची जोडणी आहे. ती तबकडी ऐकताना माझं लक्ष वर राग वाजवणाऱ्या हातावर जातं. खाली सम पक्की असल्यामुळे तो हात किती मोकळा फिरतो! असा मोकळेपणा मला हवा आहे.

सध्या सात मात्रांचा रूपक ताल बसवतोय. मात्रेला दोन घरं, म्हणजे सिक्वेन्सर चौदा घरांचा, ड्रम सोळाचाच. दर आवर्तनाला रिसेट दिला तर ड्रमचं आवर्तन संपताना रूपकाचं दुसरं आवर्तन दोन घरांवरच तुटतं. म्हणून सुरुवातीला एकदाच रिसेट देतो आणि केबल काढून घेतो. मग दोघं लांब-लांब जातात आणि 112 घरांनी पुन्हा एकत्र येतात. ड्रमची सात आवर्तनं, रूपकाची आठ. काका डोळे मिटून बोटांवर मोजतात, आणि ती सम आली की त्यांचा हात मांडीवर पडतो.